गुडघ्याखालची उशी

हे लिहून ठेवायचंच नाही, असं योरिकनं जवळजवळ ठरवलं होतं. परक्यांचं भांडण चोरून ऐकणं बरं नव्हे. पण गेंटच्या त्या हॉस्पिटलात आयसीयूबाहेर बाक एकच, आणि शेजारी बहीणभाऊ जुंपलेले.

"डायलिसिसच्या फिल्टरमध्ये रक्त गोठलं, हिल्डे. मशीन बंद पडलं."

"आपोआप होय रे, बावो?"

"शर्यत लागली होती टीव्हीवर. बाबांना दिसावी म्हणून पलंग वर केला, गुडघ्याखाली उशी दिली."

"बेशुद्ध माणसाला सायकल शर्यत? शाब्बास!"

"जन्मात एक शर्यत चुकवली नाही त्यांनी."

"म्हणून जांघेतली डायलिसिसची नळी दुमडलीस?"

"पण रक्त गोठू नये म्हणून नळीत सायट्रेट सोडतात ना?"

"अरे शहाण्या, रक्त वाहिलं तर त्याचा उपयोग! नळीच दाबलीस, औषध काय कपाळ करणार?"

"मग रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्या म्हणावं."

"पोटात रक्तस्राव होतोय त्यांच्या. मारायचंय का? अंगात होतं थोडं रक्त, त्यातलं पेलाभर तुझ्या शर्यतीपायी त्या फिल्टरमध्ये अडकून वाया गेलं."

"नवा फिल्टर लावताहेत. तोही गोठला तर?"

"नाही गोठणार. तू बाहेर बसणारेस."

इतक्यात आतून योरिकचा मित्र लांडर आला. त्याची आईही तसल्याच मशीनवर होती.

"अंघोळ करून येतो. तोवर आईजवळ बसशील?"

"बसतो. आणि शप्पथ, लांडर, तिच्या पलंगाला बोटसुद्धा लावणार नाही."