डोहाळजेवणाची डीव्हीडी

मराठी क्वचितच कानावर पडणाऱ्या या शहरात, एस्प्लनेडला बसच्या रांगेत माझ्यामागे बापलेक चक्क मराठीत बोलत होते.

"बाबा, सगळ्या डीव्हीडी कॉम्प्युटरवर घेतल्या. आता टीव्हीवर लागतील. फक्त ती कुकिंगची टाकून देतेय."

"कुकिंगची कुठली?"

"वर लिहिलंय ना, डोहाळजेवण."

"चैत्राली, तो स्वयंपाक नव्हे. बाळ होणार असलं की आईचं कौतुक करतात, ते. तुझ्या आईचं आहे."

"म्हणजे मीही आहे त्यात?"

"आहेस की. पोटात."

"आईचा आवाज ऐकू येईल?"

"येईल. दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी."

"आईला काय निघालं?"

"पेढा."

"मग?"

"मग काय, तिने तो झाकला आणि दुसरी वाटी उघडली."