छाटणीच्या दिवशी मालकानं बागेत यायचं नाय

(निफाडजवळच्या मळ्यात दगडूनं सांगितलेलं. लिहून घेणारा त्याचा हायस्कुलातला सोबती.)

आमचं मूळ ह्याच गावचं बघा मास्तर, कादवेच्या काठचं, आजा-पणजा सगळे बाजरी न् हरभरा करणारे, शाळेचं तोंड कुणी पाहिलेलं नाय, मीच पहिला, आन् तुम्ही म्हणता हायस्कूल सुटल्यापासून काय काय झालं ते सांग, आपल्या वर्गातल्या सगळ्यांचं लिहून काढतोय. लिहा बापडे. पण नुसतं तेवढ्यासाठी तुम्ही आलेला नाय हे मला कळतं. तो कोनाड्यातला कागद तुम्हाला दिसतोय आन् मला बी दिसतोय. आमच्या शेवंतेला पुण्याला बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात घालायची, मास्तरीण करायची, त्याला बापाची सही पाह्यजे, आन् तुम्ही सहकुटुंब पुण्याला निघालाच आहात तर तिला संगट नेणार, दुपारच्या गाडीनं. महिना झाला कागद तिथंच हाय. मी अजून हो म्हटलेलं नाय. ती आत ट्रंक भरतीय, भरू द्या. गाडीला अवकाश हाय, बसा, घोंगडी पुढं ओढा, चहा येतोय.

तर नानांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मला नाशिकला मामाकडं ठेवला. पोरगा मी एकटाच, बाकी बहिणी. शाळेतलं तुम्हाला काय सांगू, तुम्ही माझ्या बाकावरच व्हता. सुट्टीवरून येताना ठेसनावरनं ट्रामनं गावात यायचो, ती ट्राम बी गेली आता, मोटारी आल्या. मॅट्रिकला दोनदा बसलो, दोन्ही टायमाला इंग्रजीत गेलो. तुम्ही पहिल्याच टायमाला पास झालात आन् पेढे घेऊन मामाच्या घरी आलात, आन् मी तुमच्या अंगावर असा धावून गेलो की पेढे समदे अंगणात. आठवतं ना? हसू नका. तवा माझं डोकं लय गरम व्हतं, आता बी हाय, पण आता पेढे तरी खाऊन घेतो.

नापास तोंड घेऊन घरी कसा जाऊ. गावाला वाटत व्हतं दगडू मामलेदार होऊन घोड्यावरनं येणार. नाय गेलो. नाशिकच्या बाहेर एका पेन्शनर रावसाहेबांची द्राक्षाची बाग व्हती, तिथं मजुरांची हजेरी लिहायला ऱ्हायलो. तिथं कासमचाचा भेटले. बागेचे उस्ताद. दाढी पांढरी, बोट वाकडं, आन् हातात कैची अशी चालायची की बघत ऱ्हावं. उन्हाळ्यात पहिल्यांदा छाटणी बघितली आन् माझ्या तोंडचं पाणी पळालं. हिरवागार वेल, अन् चाचांनी समदा सपाट केला, नुसते खुंट ठेवले, आन् कापल्या जागी थेंब थेंब पाणी ठिबकायला लागलं. मी म्हणलो, चाचा, हा रडतो. चाचा म्हणले, रोने दे बेटा, पत्ता मत देख, डोळा देख. डोळा म्हणजे काडीवरचा फुगवटा, तिथनं पुढची फूट निघती. उन्हाळ्यात सगळं काढायचं म्हणजे नवी काडी येती, दिवाळीच्या आधी ती काडी मोजून तोडायची म्हणजे घड येतो. पाच वर्षं मी चाचांच्या मागं हिंडलो. हजेरी राह्यली बाजूला, कैची हातात आली.

मग एक दिवस ओल्या गोणपाटात भोकरी द्राक्षाच्या काड्या बांधल्या आन् गावी आलो. नानांनी विहिरीजवळचं अर्धा एकर वावर दाखवलं, म्हणले, तीन वर्षं तुझं, जमलं तर बाग, नाय जमलं तर पुन्हा बाजरी, मग मला काय सांगायचं नाय. त्याच साली माझं लगीन झालं. बायकोनं आन् मी घागरीनं पाणी घालून काड्या जगवल्या, पांगाऱ्याचे खांब लावले, वेल त्याच्यावर चढवले. काय तो वेल सांगू तुम्हाला! सारं गाव बघायला यायचं. सासरे येऊन गेले, सावलीत झोपले, म्हणले, जावईबापू, सर्ग हाय.

आन् छाटणीचा दिवस आला. कैची घेतली, बागेत गेलो, पहिल्या वेलाला हात लावला आन् हात उचलंना. खरं सांगतो मास्तर. पाच वर्षं दुसऱ्याच्या बागा सपाट केल्या तवा काय वाटलं नाय, पण हा वेल मी घागरीनं वाढवलेला. म्हणलं, उद्या. उद्याचं परवा झालं. मग मनाची समजूत घातली, की रावसाहेबाची जमीन वेगळी, आपली वेगळी, आपल्याला छाटणी लागायची नाय. उस्तादाचा शागीर्द मी, आन् एवढी अक्कल गहाण टाकली.

त्या साली झालं काय, तर पालाच पाला. अहो, बकऱ्यांना पुरून उरंल एवढा पाला, घड औषधाला नाय. मी तर सगळ्या भावकीला आवतण देऊन बसलेलो, माघात द्राक्षं खायला या म्हणून. आले की. पानं उचलून उचलून बघत व्हते, आन् एक चुलता म्हणला, दगडू पुन्हा नापास. तवा मी कुणाच्या अंगावर गेलो नाय. विहिरीच्या मागं जाऊन बसलो दिवसभर. तीन वर्षं संपली व्हती, आता नाना पेरणीची पाभर घेऊन येणार, वेल उपटणार, आन् मी कुठंतरी पुन्हा हजेरी लिहायला जाणार, एवढंच डोक्यात.

नाना आले उन्हाळ्यात. पाभर नाय, माझी कैची घेऊन आले, घरातनं शोधून. म्हणले, काप. मी म्हणलो, नाना, हिरव्यावर हात चालत नाय. तर माझा बाप, जो दिवसात चार शब्द बोलायचा, तो बोलायला लागला. म्हणला, तुला नाशिकला धाडला तवा मला बैलजोडी न् एक पोरगा व्हता. पोरगा धाडला. बारा वर्षं मोट एकट्यानं हाकली, तुझी आई पाण्याची दारं धरायची. लोक म्हणायचे, नाम्या, हाताशी आलेलं पोरगं कुणी असं तोडून देतं का. दिलं तोडून. काय मला वाईट वाटलं नसंल? तुला पोचवून आलो तवा ह्याच विहिरीमागं बसलो व्हतो मी. आता ही धर, नायतर मीच कापतो, मला तुमचा डोळा-बिळा कळत नाय, मी बुडापासनं सपाट करीन.

काय सांगू तुम्हाला, मी कापत व्हतो आन् वेलाच्या आधी मीच रडत व्हतो. मला तवर वाटायचं, नापास झालो म्हणून नाना माझ्याशी बोलत नाय. तसं नव्हतंच ते.

पुढच्या माघात घड असे लागले की पांगारे वाकले. करंड्या भरून निफाड ठेसनावर गेल्या. तेव्हापासनं मी छाटणीवाला. ओझर म्हणू नका, पिंपळगाव म्हणू नका, दिंडोरीकडनं बोलावणं येतं. पण माझा एक कायदा हाय, आधीच सांगतो, छाटणीच्या दिवशी मालकानं बागेत यायचं नाय. घरी बसायचं, देवाला जायचं, बायकोशी भांडायचं, काय वाट्टेल ते करा, बागेत पाय टाकायचा नाय. पिंपळगावाकडं एक गडी, मिशा ह्या एवढ्या, तालमीतला, कैची लागल्याबरोबर वेलाला मिठी मारून ढसाढसा रडायला लागला. असा खेकसलो त्याच्यावर, घरी हाकलला, आतनं कडी लावायला सांगितली त्याच्या आईला. आता लोक हसतात, म्हणतात दगडू मालकाला हाकलतो आन् मग काम करतो. हाकलतोच.

दोन पोरं हायेत, मळ्यात राबतात, त्यांना शाळा नको. शेवंता मात्र सात इयत्ता पास झाली, तुमच्याच हाताखाली. आन् मास्तर, तुम्हाला म्हायती नाय ती गोष्ट सांगतो, डोळा ओळखण्यात ती माझ्या वरताण हाय. मला आता बारीक दिसत नाय. ती म्हणती, दादा, ह्याच्या वर नको, इथं तोडा, आन् तिथंच घड येतो. चार वर्षं झाली, आमच्या बागेची छाटणी मी करतो म्हणतात, पण डोळा तिचा. भावकी म्हणती, सोळा वर्षांची घोडी पुण्याला कशाला, लगीन लावून दे. त्यांना मी भीत नाय. त्यांच्या नावावर ढकलतोय महिनाभर, पण खरं ते नाय. ती गेली तर ह्या घरात मी कुणाशी बोलू? पोरं हूं म्हणतात नुसतं. तिची आई म्हणती, सही करा की एकदाची, आन् स्वतः पदर डोळ्याला लावती.

हे बघा, नाना आले. काठी टेकत, पागोटं बिगोटं बांधून. कुठं निघाले? ऐकलंत ना काय म्हणले? म्हणतात, दगडू, तुझा कायदा काय हाय? मालकानं बागेत यायचं नाय. तू घरी बस, नातीला पोचवायला मी जातो ठेसनावर, मला सवय हाय.

आणा तो कागद. दौत कुठं हाय? इंग्रजीत करतो सही, दोनदा नापास झालो तरी नाव अजून येतं मला. हे घ्या. वाळू द्या जरा, पुसू नका.

पोरीला थंडी सोसत नाय मास्तर, तुमच्या बायकोला सांगा तेवढं. रागीट हाय, माझ्यावर गेलीय, समजून घ्या. शेवंते, पाया पडलीस, बास झालं, ऊठ. सुखी ऱ्हा. दुसऱ्यांच्या पोरींना शिकव, चांगलं शिकव, इंग्रजी बी शिकव. छाटणीची काळजी करू नको, करीन मी, बोटानं चाचपून करीन. मी दारापातुर बी येत नाय, इथंच बसतो. नाना, बैल हाका. आन् पोरी, मागं वळून बघायचं नाय, सांगून ठेवतो.

बरं, वळणावर एकदा बघ.