चाकाची पट्टी

चहा घ्या, सांगतो. पण लई हसू नका, आमच्या सख्ख्या चुलत्याची गोष्ट हाय.

निजामाचं राज होतं. बलदियानं, म्हणजे तवाच्या नगरपालिकेनं, पेठेच्या रस्त्यावर नवा मुरूम टाकला आन् खर्च काढायला ठराव केला: गावात येणाऱ्या बैलगाडीच्या दर चाकाला पट्टी. आमचे बसाप्पाकाका भडकले. "रस्त्यावरनं बैल बी चालतो, माणूस बी चालतो. मग चाकानंच तुमचं काय घोडं मारलं?"

बाजारादिवशी काकांनी गाडी घरीच ठेवली. रान सपाट करायची जाड फळी बैलांना जुंपली, तिच्यावर ज्वारीची पोती टाकली आन् निघाले. नाक्यावर पट्टी घेणारा मुन्शी आडवा आला. काका म्हणाले, "चाक दाखवा आन् पट्टी घ्या."

मुन्शीनं सोडलं. पण फळी पेठेतनं गेली ती सगळा नवा मुरूम खरवडतच गेली. बलदियाचे सदरसाहेब, म्हणजे अध्यक्ष, शेरवानी सावरत मागं धावले. "अहो बसाप्पा, रस्ता उकरला की सगळा! हात जोडतो, तुम्हाला पट्टी माफ. पण चाकावर या!"

ही बात गावोगाव जायला कितीसा वेळ लागतो? पुढच्या बाजाराला नाक्यावर गाड्यांची ही रांग लागली, आन् प्रत्येक गाडीवर एक फळी बांधलेली.

मुन्शी म्हणाला, "ये क्या है?"

पहिला गाडीवान अदबीनं म्हणाला, "काय न्हाय, साहेब. तुम्ही पट्टी घेणार असाल, तर चाकं इथंच ठेवून पुढं फळीवर जावं म्हणतो."