धुवायची राहिलेली पळी

ज्युरा डोंगरातल्या दूध तपासणी केंद्राच्या रांगेत माझ्यापुढं चीजवाला आन्सेल्म आणि त्याची बायको ओडील होते. खिडकीत तपासणीवाल्या बाई.

"बाई, जंतू मारणाऱ्या विषाणूनं माझं चीजचं विरजण मारलं! उद्या गावाचं दूध येणार, ते लावू कशानं?"

"विरजणातले थोडे जंतू वाचतातच. ते विषाणूचा तुकडा आठवणीला ठेवतात. विषाणू परत आला की ओळखून कात्रीनं कापावं तसा कापतात. तीच कात्री आता माणसं जनुकं कापायला वापरतात. ते वाचलेले जंतू आणलेत?"

"छे! सगळी भांडी तीनदा उकळून काढली."

"म्हणजे शहाणे जंतू तुम्हीच मारलेत!"

"अहो, माझी विरजणाची पळी धुवायची राहिलीय."

"ओडील! सोमवारी विरजण मेलं तेव्हापासून?"

"तीस वर्षं मला गलिच्छ म्हणताय."

"चुकलो गं."

"माझं राहू द्या. आधी पळीची माफी मागा."