सगळं पॉइंट्सवर

समुद्रकाठच्या रिसॉर्टवर खोलीची किल्ली घ्यायला रांग होती. माझ्यापुढे एक जोडपं आणि त्यांची मुलगी.

"चार रात्री, समोर समुद्र, आणि खिशाला चाट नाही. सगळं पॉइंट्सवर!"

"हो ना. तीन वर्षं तुम्ही यांच्याच हॉटेलांत झोपलात, तेव्हा कुठे आम्हाला ही खोली फुकट मिळाली."

"मग पंप काय घरी बसून विकले जातात?"

"छे छे. घरी बसायला मी आहे की."

"निदान इथे तरी टोमणे नकोत."

"टोमणे कसले? कौतुक करतेय."

त्यांचा नंबर आला, तसा काउंटरवरचा माणूस म्हणाला, "या साहेब, या! तुमची ती पातळ उशी आणि बिनसाखरेचा चहा खोलीत ठेवलाय. आमच्या सगळ्या हॉटेलांत तुमची आवडनिवड लिहिलेली आहे."

"बघ! याला म्हणतात माणसं सांभाळणं."

"बघतेय ना. मी मेली अजून तुमच्या चहात साखर घालते."

"साहेब, मुलीचं वय किती लिहू?"

"आठ."

"अहो, अकरा पूर्ण झाली ती!"

"आठपर्यंतच्या मुलांना नाश्ता मोफत असतो मॅडम, म्हणून विचारलं."

"अस्सं! स्वतःचं वय चोरणारे पाहिले होते. तुम्ही पोरीचं चोरलंत, तेही चार नाश्त्यांसाठी?"

"नाश्त्याचं मला माहीतच नव्हतं गं."

काउंटरवरच्या माणसाचं पेन तसंच थांबलं.

"जाऊ दे ना आई. त्या तीन वर्षांचे पॉइंट्स मिळाले ना आपल्याला."