उपरण्याखाली मोटारीचा सौदा

आमच्या घरी एक नियम होता. सौदा मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, करतील. बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही, आणि ‘काऊन’, म्हणजे ‘का’, असं तर विचारायचंच नाही.

आता ऐका. बाबा वडनेरचे डॉक्टर. बैलगाडीनं पेशंटकडे पोचेपर्यंत कधी कधी फार उशीर होई, म्हणून नवी मोटार घ्यायची ठरली. पैसे छोट्या गाडीपुरतेच होते. पण आम्ही तिघं नागपूरच्या दुकानात गेलो, तर मोठेबाबा थांबले ते मोठ्या गाडीपुढे.

“डॉक्टरच्या घराले हेच शोभते!”

मग त्यांनी बैलबाजारात करतात तसंच केलं. विक्रेत्याचा हात उपरण्याखाली ओढला आणि बोटं दाबून भाव सांगितला. तो शहरातला माणूस. त्याला वाटलं, हे ओळख करून घेताहेत. त्यानं हसून हात चांगला जोरात हलवला.

“जमला सौदा!” मोठेबाबा म्हणाले.

विक्रेत्यानं छापील किंमत दाखवली, तसे ते भडकले. “हात देऊन फिरून राह्यला का? इथं गाडी घ्यायचीच नाई. चाल वं पोरी!”

बाबा मुकाट्यानं निघालेसुद्धा.

“मी नाई येत,” मी म्हटलं. “छोटी गाडी घेतल्याशिवाय मी इथून हलत नाई.”

“तुले काय समजते गाडीतलं?”

“मले चालवता येते, मोठेबाबा. कॉलेजात असताना शिकली. तुमच्या दोघांत कोणाले येते?”

मोठेबाबांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी माझ्याकडे. मग मोठेबाबांनी उपरणं झटकलं आणि ते छोट्या गाडीकडे वळले.