मोजे कोण घालतं?

हॉस्पिटलात कंबरेच्या इंजेक्शनसाठी आलेले एक शिंपीकाका आणि त्यांची बायको माझ्या शेजारच्या बाकावर बसले होते.

“आत गेल्यावर ‘बरं आहे’ म्हणायचं नाही हं.”

“अगं, परका डॉक्टर. त्याच्यापुढे रडगाणं काय गायचं?”

“मागच्या वेळी तेच केलंत. त्यांनी हसून घरी पाठवलं आणि जिन्यातच तुमची कंबर धरली.”

“म्हणून तर आपल्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला ना! वर्षाची फी भरून सभासद झालोय आपण त्यांचे. कधीही फोन करा, उचलतात.”

“त्यांनीच सगळं जुळवून आणलं. रिपोर्ट इकडे पाठवले, रक्त पातळ करायची गोळी कधी थांबवायची ते सांगितलं. आणि इथल्या डॉक्टरांना बजावलं, ‘कसं आहे, असं त्यांना विचारूच नका.’”

“मग काय विचारायचं?”

“‘तुमच्या पायात मोजे कोण घालतं?’”

“हे त्यांना कुणी सांगितलं?”

“मी. जा आता, नाव पुकारलं.”

बऱ्याच वेळाने काका ताठ चालत बाहेर आले. मोजे हातातच होते.

“विचारलं का?”

“हो. पहिलं तेच.”

“मग?”

“सांगून टाकलं, बायको घालते म्हणून. मग एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत बरोबर जागेवर सुई घातली. चिरफाड नाही, टाका नाही.”

“आता कसं वाटतंय?”

“बरं आहे.”

“खरं, की नेहमीचं?”

“खरं गं.”

“द्या ते मोजे इकडे.”

“थांब. आज मी घालतो.”

“अहो, उलटा घातलात!”

“असू दे. हात लावू नकोस.”